रोनाल्डो

रोनाल्डो : पोर्तुगीज भाषक देशांत रूढ असलेले पुरुषनाम. या नावाचे तीन फुटबॉलपटू जगविख्यात आहेत.

रोनाल्डो नाझारियो (जन्म १९७६, रिओ दी जानेरो) हा ब्राझीलचा आघाडीवीर. १९९४ च्या विश्वविजेत्या संघात रोनाल्डाओ म्हणजे ‘थोरला रोनाल्डो’ हा बचावपटू असल्याने सतरा वर्षांच्या नाझारियोला रोनाल्डिन्यो, अर्थात ‘धाकटा’, म्हणत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्येही रोनाल्डो ग्वियारो हा दुसरा खेळाडू संघात असल्याने नाझारियोच्या जर्सीवर ‘रोनाल्डिन्यो’ हेच नाव होते. एप्रिल २००० मध्ये गुडघा निकामी झाल्यावर त्याची कारकीर्द संपल्यातच जमा होती. पण २००२ च्या विश्वचषकात त्याने आठ गोल केले, त्यांतले दोन अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध. फुटबॉलमधल्या पुनरागमनांत याला तोड क्वचितच सापडेल.

१९९९ मध्ये पोर्तो अलेग्रेचा रोनाल्डो दी असिस मोरेरा (जन्म १९८०) राष्ट्रीय संघात आला, तेव्हा पुन्हा घोळ नको म्हणून त्याला त्याच्या प्रांतावरून ‘रोनाल्डिन्यो गाउचो’ म्हटले गेले. पुढे रोनाल्डिन्यो ही ओळख त्याचीच झाली. २००५ चा बॅलन डी’ओर पुरस्कार त्याला मिळाला.

क्रिस्तियानो रोनाल्डो (जन्म १९८५, फुंशाल, मदेरा बेट) हा पोर्तुगालचा. त्याचे नाव अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावरून ठेवले होते. पाच वेळा बॅलन डी’ओर. २०१६ च्या युरो विजेत्या संघाचा कर्णधार. नाझारियो आणि तो, दोघेही वेगवेगळ्या काळात रेआल माद्रिदकडून खेळले.