चेंडू, पंच आणि चातुर्याची सीमा

गोदाकांठच्या कोपरगांवाचें नांव मराठ्यांच्या इतिहासांत येतें तें मुख्यतः रघुनाथरावदादांच्या अखेरच्या दिवसांमुळें. अटकेपर्यंत मराठी फौजा नेणारा हा सेनानी १७८३ सालीं येथेंच निवर्तला. परंतु त्याच्या पराक्रमापेक्षां लोकांच्या स्मरणांत अधिक खोल रुतून बसली आहे ती एका अक्षराची गोष्ट. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. आणि मूळ हुकुमांतील ‘धरावें’ या शब्दाचा ‘मारावें’ असा पालट आनंदीबाईंनीं केला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या कथेला भक्कम कागदोपत्रीं पुरावा नाहीं, हें इतिहासाच्या अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे. तरीहि ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार भाषेंत कायमचा राहिला.

या वाक्प्रचाराच्या चिरंजीवित्वाचा थोडा विचार केला पाहिजे. अठराव्या शतकांतील राजकारण डावपेचांनीं भरलेलें होतें. हूल देणें, शत्रूला गाफील गांठणें, एका दिशेला तोंड करून दुसऱ्या दिशेला निघून जाणें, या गोष्टींची मराठी मनाला लाज वाटत नाहीं. गनिमी काव्याच्या कथा तर आपण मुलांना अभिमानानें सांगतों. मग एका अक्षराचीच एवढी चीड कां? प्रतिपक्षाची फसवणूक दोहींकडेहि आहेच. परंतु रणांगणांत उभा असलेला शत्रु आपल्याला चकविलें जाईल हें गृहीत धरूनच उभा असतो. सहीशिक्क्याचा कागद ज्याच्या हातीं पडतो तो मात्र त्या कागदावर विसंबून वागतो. पहिल्या ठिकाणीं माणूस माणसाला चकवितो. दुसऱ्या ठिकाणीं ज्या सामाईक वस्तूवर सर्वांची भिस्त, तीच कोणाच्या नकळत बदलली जाते. चातुर्य आणि लबाडी यांमधील सीमा येथेंच कोठेंतरी असली पाहिजे. ती नीट न्याहाळावयाची तर राज्यकारभारापेक्षां खेळाचें मैदान अधिक सोयीचें. कारण तेथें नियम लिहिलेले असतात, पंच उभा असतो, आणि सामाईक वस्तु म्हणजे एक चेंडू सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो.

प्रथम निर्मळ फसवणुकीचें उदाहरण घेऊं. मुंबईचे सुभाष गुप्ते हे लेगब्रेक गोलंदाजीचे असाधारण कलावंत होते. डिसेंबर १९५८ मध्यें कानपूर येथें वेस्ट इंडीजच्या एका डावांतील नऊ बळी त्यांनीं १०२ धावांत घेतले. त्यांच्या भात्यांतील अचूक बाण म्हणजे गुगली. हात व मनगट यांची हालचाल एक गोष्ट सांगते आणि टप्पा पडल्यावर चेंडू नेमका उलट वळतो. ही फसवणूक नव्हे काय? आहेच, पण फलंदाजाला तींत अन्याय दिसत नाहीं. गुप्ते यांचें मनगट त्याच्यापुढें उघडें असे. तें वाचतां येणें हा त्याच्या कौशल्याचा भाग, आणि वाचतां न येऊं देणें हा गुप्ते यांच्या कौशल्याचा. मनांतील बेत लपविण्याचा अधिकार खेळानें गोलंदाजाला दिलेलाच आहे.

चेंडूची गोष्ट मात्र निराळी. क्रिकेटच्या चेंडूला मधोमध उंच शिवण असते. एक बाजू चकचकीत आणि दुसरी खरखरीत असली, कीं दोन्ही बाजूंनीं वाहणारी हवा सारखी वाहत नाहीं आणि चेंडू वाटेंतच वळण घेतो. जुन्या चेंडूला कधीं कधीं अपेक्षेच्या उलट वळण मिळतें, तेंहि मुख्यतः याच असमानतेमुळें. म्हणून एक बाजू जपणें हा गोलंदाजी करणाऱ्या साऱ्या संघाचा उद्योग होऊन बसला. नियमानें त्याला मर्यादा घातली ती अशी: कपड्यावर घासून चकाकी आणावी, पण कोणताहि कृत्रिम पदार्थ लावूं नये, ओला चेंडू टॉवेलनें पुसावा, आणि चिखल काढावयाचा असेल तर तो पंचांच्या देखरेखीखालीं काढावा. नखानें वा हत्यारानें खरवडणें, शिवण उसवणें किंवा उचलणें सर्वथा वर्ज्य. यांतील ‘देखरेखीखालीं’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा; पुढील सारें प्रकरण त्याच्याभोंवतीं फिरणार आहे.

हा प्रश्न केवळ क्रिकेटचा नाहीं. अमेरिकेंतील बेसबॉल या खेळांत चेंडू फेंकणारा एके काळीं राजरोस चेंडूला थुंकी लावी. थुंकीमुळें बोटें घसरतात, चेंडू फारसा न फिरतां सुटतो आणि फलंदाजाजवळ येतां येतां एकाएकीं खालीं उतरतो. १९२० सालीं या प्रकाराला बंदी झाली. परंतु ज्यांची उपजीविकाच या कलेवर अवलंबून होती अशा सतरा जणांना पुढें निवृत्तीपर्यंत सवलत मिळाली. त्यांपैकीं शेवटचा बर्ली ग्राइम्स. १९३४ पर्यंत तो हजारों लोकांच्या देखत चेंडूला थुंकी लावीत असे आणि त्याला कोणी अडवीत नसे. पुढील पिढींतील गेलॉर्ड पेरी यानें तीच विद्या चोरून चालविली. खेळत असतांनाच १९७४ मध्यें त्यानें आपल्या आत्मचरित्रांत याची कबुली दिली. आणि तरीहि या आरोपावरून त्याला मैदानाबाहेर काढण्यांत आलें तें प्रथम १९८२ मध्यें. ग्राइम्सला १९६४ मध्यें आणि पेरीला १९९१ मध्यें बेसबॉलच्या सन्मानमंदिरांत स्थान मिळालें. थुंकी दोघांचीहि एकच. एकाला ती लायसनासारखी मिळालेली, दुसऱ्याला टोपीच्या कडेआड दडवावी लागलेली. अमेरिकन प्रेक्षक पेरीच्या कारवायांना हंसत आले. मात्र त्याच्या चेंडूवर बाद होऊन परतलेल्या फलंदाजाला त्या हंसण्यांत किती गोडी वाटली असेल, हें सांगणें कठीण आहे.

क्रिकेटमध्यें तर थुंकीला शतकाहून अधिक काळ प्रतिष्ठा होती. लाळ लावून चेंडू विजारीवर घासणारा खेळाडू हें कसोटी सामन्यांतील नित्याचें चित्र होतें. कोव्हिडच्या साथींत, २०२० सालीं, आंतरराष्ट्रीय सामन्यांत लाळ वापरण्यास बंदी झाली आणि २०२२ मध्यें ती कायम करण्यांत आली. घाम मात्र आजहि चालतो. म्हणजे जें कृत्य एका पिढीला शिस्तीचें वाटलें, तेंच दुसऱ्या पिढीला अपराध ठरलें. कोणी म्हणेल, मग सारा नियमाचाच खेळ; नीतीचा येथें संबंध काय? संबंध असा कीं, नियम कोणताहि असो, तो दोन्ही पक्षांना ठाऊक असतो आणि त्याच्या भरंवशावर दोघे मैदानांत उतरतात. मर्यादेची रेघ अलीकडे ओढावी कीं पलीकडे, हा सोयीचा प्रश्न आहे. पण ओढलेली रेघ चोरून पुसणें हा विश्वासघात आहे.

आतां ज्या प्रकरणानें अवघा महाराष्ट्र, किंबहुना अवघा देश, ढवळून निघाला त्याकडे वळूं. नोव्हेंबर २००१ मध्यें दक्षिण आफ्रिकेंतील पोर्ट एलिझाबेथ येथें भारताचा दुसरा कसोटी सामना झाला. मुंबईचे सचिन तेंडुलकर त्या सामन्यांत गोलंदाजी करीत असतां त्यांचीं बोटें शिवणीवरून फिरतांना दूरचित्रवाणीच्या चित्रणांत दिसलीं. मैदानावरील पंचांनीं कसलीहि तक्रार केली नव्हती. परंतु सामनाधिकारी माइक डेनेस यांनीं चित्रण पाहून त्यांना सामन्याच्या मानधनाच्या ७५ टक्के दंड व एका कसोटी सामन्याची स्थगित बंदी अशी शिक्षा दिली. आणखी पांच भारतीय खेळाडूंनाहि निरनिराळ्या कारणांसाठीं शिक्षा झाल्या. शिवणींत अडकलेलें गवत काढीत होतों, असें तेंडुलकरांचें म्हणणें होतें. आणि चेंडूच्या स्थितींत फेरफार केल्याचा दोष त्यांच्यावर नाहीं, पंचांना न सांगतां तो साफ केल्याचा आहे, असा खुलासा पुढें आंतरराष्ट्रीय परिषदेकडूनहि झाला.

येथें देशांत जो क्षोभ झाला त्याचा आवाज संसदेपर्यंत पोंचला. भारतीय मंडळानें डेनेस यांना बदलण्याची मागणी केली. यजमान मंडळानें ती मान्य केली. आंतरराष्ट्रीय परिषदेनें मान्य केली नाहीं. परिणामीं सेंच्युरियन येथील तिसरा सामना खेळला गेला खरा, पण अधिकृत कसोटींत त्याची गणना झाली नाहीं. या गदारोळांत मूळ प्रश्न हरवला. लोक भांडत होते तें ‘सचिन लबाड आहे काय?’ या प्रश्नावर, आणि तो तर कोणी गंभीरपणें विचारलेलाच नव्हता. नियमाचा प्रश्न फार लहान पण फार मार्मिक होता: हेतु निर्मळ असतांना, कृत्य दिवसाढवळ्या घडलें असतांना, केवळ पंचाला न सांगणें हा दोष ठरावा काय?

माझें मत असें कीं, तो दोष ठरावा. मात्र लबाडी म्हणून नव्हे, बेफिकिरी म्हणून. गवत काढणारें बोट आणि शिवण उचलणारें बोट दुरून सारखेंच दिसतें. अंतःकरणांत डोकावण्याचें साधन पंचाजवळ नाहीं. म्हणूनच नियमानें हेतूचा शोध घेण्याऐवजीं पंचाच्या डोळ्यांसमोर काम करण्याचें बंधन घातलें. हें बंधन सज्जनाला अपमानकारक वाटूं शकतें. पण खरोखर तें त्याचेंच कवच आहे, कारण पंचासमक्ष काढलेल्या गवताबद्दल त्याला पुढें कोणीहि बोल लावूं शकत नाहीं.

परंतु हेंच माप न्याय देणाऱ्यालाहि लावलें पाहिजे. शिक्षा जाहीर झाल्यावर डेनेस पत्रकारांसमोर आले, मात्र आपल्या निर्णयाविषयीं बोलले नाहींत. त्या वेळच्या नियमांनीं त्यांचें तोंड बांधलेलें होतें असें म्हणतां येईल. तरी खेळाडूनें आपलें प्रत्येक कृत्य उघडें ठेवावें आणि न्यायाधीशानें आपलीं कारणें झांकून ठेवावीं, ही विषमता लोकांना सलली तर नवल नाहीं. तेव्हांच्या क्षोभांत राष्ट्राभिमानाचा अतिरेक होता, तसा या सलाचाहि अंश होता. आणि तो खोटा नव्हता.

आपला आणि परका हा भेद या विषयांत बुद्धीला फार लवकर झांकोळतो. जानेवारी १९७७ मध्यें मद्रासच्या कसोटींत इंग्लंडचे जॉन लिव्हर कपाळावर व्हॅसलिन लावलेली पट्टी बांधून गोलंदाजी करीत होते. डोळ्यांत घाम उतरूं नये म्हणून ती बांधली, असें इंग्लंडच्या संघानें सांगितलें. भारताचे कर्णधार बिशनसिंग बेदी यांनीं तक्रार केली. आणि इंग्लंडच्या मंडळानें लिव्हर यांना निर्दोष ठरविलें. त्या वेळीं भारतीय मन बेदींच्या बाजूचें होतें. ‘हेतु निर्मळ होता’ हें उत्तर परक्यानें दिलें कीं अपुरें वाटतें आणि आपल्या माणसानें दिलें कीं पुरेसें वाटतें. उलट दाखलाहि आपल्याजवळ आहे. मराठी घराण्यांतील राहुल द्रविड यांना जानेवारी २००४ मध्यें ब्रिस्बेन येथें झिंबाब्वेविरुद्धच्या सामन्यांत, चघळत असलेल्या गोळीचा अंश चेंडूला लावल्याबद्दल, निम्म्या मानधनाचा दंड झाला. तें जाणूनबुजून केलेलें नव्हतें असें संघाच्या प्रशिक्षकांनीं सांगितलें. दंड झाला तो झाला. दौरा मोडण्याची भाषा निघाली नाहीं, आणि द्रविड यांच्या लौकिकालाहि त्यानें बाध आला नाहीं.

नियमाच्या आंत राहूनहि दूषण पदरीं येतें, याचें उदाहरण विनू मंकड यांचें. डिसेंबर १९४७ मध्यें सिडनी येथें चेंडू टाकण्याआधींच क्रीज सोडून पुढें सरकलेल्या बिल ब्राउन यांना त्यांनीं धावबाद केलें. कित्येक इंग्रजी पत्रांनीं त्यांना नांवें ठेविलीं; प्रतिपक्षाचे कर्णधार डॉन ब्रॅडमन यांनीं मात्र मंकड यांची बाजू घेतली. जें झालें तें पंचाच्या समोर झालें, आणि दोघांनाहि ठाऊक असलेल्या नियमानें झालें. शिष्टाचाराबद्दल येथें मतभेद होऊं शकेल. लबाडीचा आरोप मात्र टिकत नाहीं. २०२२ मध्यें नियमकर्त्यांनीं ही तरतूद ‘अनुचित खेळ’ या प्रकरणांतून काढून ‘धावबाद’ या प्रकरणांत घातली, हेंहि बोलकें आहे.

या साऱ्या उदाहरणांतून एक साधी कसोटी हातीं लागते. मनांत काय आहे तें प्रतिपक्षापासून खुशाल लपवावें. पण हातांत काय आहे तें पंचापासून लपवूं नये. गुप्ते यांची गुगली, ग्राइम्सची थुंकी, मंकड यांची दक्षता हीं सर्व या कसोटीस उतरतात. पेरीची टोपी उतरत नाहीं. मार्च २०१८ मध्यें केपटाउन येथें ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बॅनक्रॉफ्ट यांनीं विजारींत दडविलेला सँडपेपर तर मुळींच उतरत नाहीं. आणि तेंडुलकरांनीं काढलेलें गवत या कसोटीला उतरलें असतेंच. त्यासाठीं पंचाकडे वळून एक शब्द बोलणें तेवढें हवें होतें.

कसोटी सामन्यांत विश्रांतीच्या वेळीं चेंडू पंच आपल्या ताब्यांत घेतात, आणि खेळ चालू असतांनाहि अधूनमधून तो मागून निरखून पाहतात. प्रेक्षकांचें तिकडे सहसा लक्ष जात नाहीं. चेंडू कोणा एका संघाचा नाहीं, हें त्या वेळीं न बोलतां सांगितलें जात असतें. पेशवाईच्या त्या कथेंतल्या हुकुमाला असा मधूनमधून कागद मागणारा पंच मिळाला नाहीं; लोकांनीं मग ‘ध चा मा’ या तीन शब्दांत आपला निवाडा कायमचा लिहून ठेवला.