तुरटीचे पाणी

पावसाळ्यात नदीचे गढूळ पाणी हंड्यात भरायचे, त्यात तुरटी फिरवायची आणि गाळ तळाशी बसला की वरचे पाणी हलक्या हाताने ओतून घ्यायचे, हे आमच्या पिढीतल्या अनेकांनी घरी पाहिले आहे. ‘निवळणे’ हे क्रियापद आपण पाण्याइतकेच मनाला आणि वातावरणालाही लावतो, इतका त्या निवळपणावर आपला विश्वास. तो विश्वास आतड्याच्या भरवशावर उभा होता, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही रुग्णांमुळे कळली. त्यांच्याविषयी येथे लिहायचे आहे.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त एका पातळ पटलाच्या एका बाजूने वाहवायचे आणि दुसऱ्या बाजूला क्षारांचे मोजूनमापून केलेले द्रावण ठेवायचे. रक्तातली टाकाऊ द्रव्ये पटलाच्या सूक्ष्म छिद्रांतून द्रावणात उतरतात. या क्रियेला ‘डायलिसिस’ हे नाव स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ साली दिले. आपल्या परिभाषेतला शब्द ‘अपोहन’. ‘ऊहापोहा’तला अपोह तोच: दूर सारणे. शब्द नेमका आहे, पण अर्धाच खरा. पटलाला दिशा कळत नाही. रक्तातले जसे द्रावणात जाते, तसे द्रावणातलेही रक्तात येते.

प्रारंभी या उलट वाटेकडे लक्ष देण्याइतकी उसंत कोणाला नव्हती. जर्मनव्याप्त नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फ यांनी १९४३ साली पहिल्या रुग्णावर आपले यंत्र चालवले. फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळलेली, पिंपाचा खालचा भाग द्रावणाच्या टाकीत बुडालेला. पाण्यात मीठ, सोडा, ग्लुकोज वजन करून मिसळत. सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी रुग्ण, सदुसष्ट वर्षांची एक स्त्री, शुद्धीवर आली आणि जगली. जिथे दोन-चार दिवसांत मरण ठरलेले, तिथे पाण्यात आणखी काय आहे हा प्रश्न कोण विचारणार?

तो प्रश्न पुढे आला, कारण रुग्ण जगू लागले. १९६० साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रुग्णाच्या हातावर कायमची नळी बसवली आणि तेच रक्त आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे धुता येऊ लागले. द्रावण मिसळणे आता रोजचे काम झाले आणि त्यातल्या अडचणी उघड झाल्या. बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की चुन्यासारखा साका धरतो. म्हणून १९६४ पासून ॲसिटेटचा वापर सुरू झाला. (पुढे बायकार्बोनेट परतले ते दोन वेगळ्या कॅनमधून. यंत्र त्यांना पाण्यात, अगदी वापराच्या क्षणी, एकत्र आणते आणि मिश्रणाची विद्युतवाहकता सतत मोजून प्रमाण बिघडल्यास घंटा वाजवते.) त्याच सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लेस बॅब यांच्या गटाने घट्ट द्रावण आणि पाणी ठराविक प्रमाणात आपोआप मिसळणारी यंत्रणा उभी केली.

मिसळणे असे ताब्यात आले. ज्यात मिसळायचे ते पाणी मात्र नळाचे होते, पिण्याजोगे, सरकारी कसोटीला उतरलेले. निरोगी माणूस आठवड्याला चौदा-पंधरा लिटर पाणी पितो आणि त्यातले काय आत घ्यायचे हे आतडे ठरवते. डायलिसिसच्या रुग्णाच्या रक्तासमोरून आजच्या हिशेबाने एका वेळी सुमारे १२०, आठवड्याला ३६० लिटर पाणी जाते आणि मध्ये आतडे नसते. जे आत येईल ते बाहेर टाकायला मूत्रपिंडेही नसतात. १९६७ साली ‘जड पाण्याच्या लक्षणसमूहा’ची नोंद झाली: मळमळ, उलट्या, थकवा, चढलेला रक्तदाब. १९७३ मध्ये पाणी निर्जंतुक करणारे क्लोरामाइन तांबड्या पेशी फोडते असे दिसले.

पण सर्वांत अस्वस्थ करणारी हकिगत ॲल्युमिनियमची आहे. १९७२ साली डेन्व्हरच्या ॲलन आल्फ्रे यांनी आपल्या काही जुन्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रथम वाणी जाई. शब्द अडखळत, जीभ वळत नसे, नेमका शब्द सापडत नसे. आणि हे डायलिसिसनंतर लगेच वाढे. मग स्नायूंचे झटके, आकडी, स्मृतिभ्रंश, मृत्यू. भाषेवर जगणाऱ्या आमच्यासारख्यांना हा क्रम वाचताना थांबावे लागते. ज्या उपचाराने माणूस जिवंत ठेवला, त्याच उपचाराच्या खोलीतून तो दर वेळी थोडा अधिक मुका होऊन बाहेर पडत होता. त्याने ते सांगितले असेलही, पण बोलणे अडखळणाऱ्याचे म्हणणे किती ऐकले जाते?

१९७६ मध्ये आल्फ्रे यांनी अशा मृतांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढलेले असल्याचे दाखवले. काही अंश फॉस्फेट रोखण्यासाठी दिलेल्या गोळ्यांतून येत होता. पण गावागावांतला फरक गोळ्यांनी उलगडेना. ब्रिटनमध्ये न्यूकॅसलच्या रुग्णांची हाडे मोडत, तर इतर काही शहरांत हा आजार जवळपास नव्हता. १९७९ पर्यंत तिथल्या केंद्रांच्या तुलनेतून उत्तर स्पष्ट झाले: नळाच्या पाण्यातले ॲल्युमिनियम. ते काही ठिकाणी मुळातच होते, काही ठिकाणी जलशुद्धीकरण केंद्रातून येत होते. गाळ बसवण्यासाठी तिथे घालतात ते ॲल्युमिनियम सल्फेट, म्हणजे आपल्या हंड्यातल्या तुरटीची सख्खी बहीण. पाणी जितक्या काळजीने निवळावे, तितके या रुग्णांना ते घातक ठरण्याची शक्यता. आज अपोहनाच्या पाण्यात ॲल्युमिनियमची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती गाठण्यासाठी कार्बनच्या टाक्या, पाणी मृदू करणारी राळ आणि शेवटी आरओचे पटल अशी साखळी लागते. म्हणजे रक्तासमोरच्या पटलाच्या रक्षणाला दुसरे पटल.

ही साखळी अपुरी असली की काय होते, ते फेब्रुवारी १९९६ मध्ये ब्राझीलच्या पेर्नांबुको राज्यातल्या कारुआरू गावी दिसले. दुष्काळ होता. डायलिसिस केंद्राला धरणाचे, अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी टँकरने येत होते. केंद्रात वाळू आणि कार्बनच्या गाळण्या होत्या, आरओ नव्हते. सुमारे १३० रुग्णांपैकी ११६ जणांना अंधुक दिसू लागले, मळमळ आणि उलट्या झाल्या. शंभर जणांचे यकृत निकामी झाले. डिसेंबरपर्यंत किमान पन्नास मृत्यू या विषबाधेने झाल्याचे ठरले. धरणात निळे-हिरवे शैवाल माजले होते. त्याचे विष, मायक्रोसिस्टिन, मृतांच्या यकृतात सापडले आणि केंद्राच्या कार्बनच्या गाळणीतही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात या विषाची मर्यादा, लिटरला एक मायक्रोग्रॅम, प्रथम ठरवली ती त्यानंतर, १९९८ साली.