चाचांची काचेची नळी

परवा मुलाचा फोन ३०% दाखवता दाखवता एकदम बंद पडला. तो वैतागला, आणि मला २००७ चा उन्हाळा आठवला.

तेव्हा आम्ही शहागंजला, घंटाघरापासून जवळच राहायचो. शहराचं नाव अजून औरंगाबादच होतं. लोडशेडिंगचे दिवस. आईला दमा, म्हणून नेब्युलायझरसाठी घरात इन्व्हर्टर घेतला होता. त्याच्या बॅटरीला मी मोठ्या हौसेने घरीच केलेला मीटर जोडला. एक एटीमेगा-८ मायक्रोकंट्रोलर, दोन रेझिस्टर आणि एक डिस्प्ले. त्या चिपला पाच व्होल्टच्या वर सोसत नाही, म्हणून २० आणि १० किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज एक तृतीयांश करायचं. चिप पाच व्होल्टचे १०२४ भाग करते, म्हणजे बॅटरीकडचा साधारण १५ मिलिव्होल्टचा फरकही कळतो. १२.७ व्होल्ट म्हणजे १००%, ११.९ म्हणजे शून्य. झालं, मी खूश!

एका रात्री आईला धाप लागली. मीटर १००% दाखवत होता. तेवढ्यात लाइट गेली, आणि दहा मिनिटांत इन्व्हर्टरही ओरडून बंद पडला. शेजाऱ्यांच्या रिक्षातून तिला दवाखान्यात नेलं. ती सावरली, पण ती दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

सकाळी बॅटरीवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी माझ्या मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. रबरी फुग्याची काचेची नळी, म्हणजे हायड्रोमीटर काढला आणि सहाही सेलमधलं पाणी एकेक करून ओढून पाहिलं. पाच ठीक होते, सहाव्यात तरंगणारी कांडी पार खाली बसली. "व्होल्ट क्या देखता बेटा, पानी देख," एवढंच म्हणाले.

घरी येऊन मी वाचायला बसलो. १८०० साली व्होल्टाने पहिली बॅटरी जाहीर केली, तेव्हा वीज 'मोजायला' त्याच्याकडे स्वतःची जीभही होती! १८५९ मध्ये प्लांटेने शिशाची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. ती उतरते तसं तिच्यातलं ॲसिड खर्च होतं आणि पाणी तयार होतं. म्हणून भरलेल्या सेलमधल्या द्रवाची घनता १.२७ च्या आसपास, तर उतरलेल्या सेलची १.१२ पर्यंत खाली येते. चाचांची नळी थेट हीच गोष्ट पाहत होती, तीही सेलगणिक. माझा मीटर फक्त सहांची बेरीज बघायचा. शिवाय चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या टोकांवर चार्जरचंच व्होल्टेज दिसतं. म्हणजे मी बॅटरी मोजतच नव्हतो!

चिप खोटं बोलली नव्हती. मीच तिला चुकीच्या वेळी विचारत होतो.

मग प्रोग्राम बदलला. चार्जिंग थांबवायचं, काही वेळ बॅटरीला विसावा द्यायचा, मग एक बल्ब लावून व्होल्टेज किती खाली बसतं ते पाहायचं. आजचे फोन तर आत-बाहेर जाणाऱ्या करंटचा हिशोब ठेवतात. तरी बॅटरी म्हातारी झाली की तो हिशोबही चुकतो.

मुलाला म्हटलं, "अरे, ते ३०% म्हणजे मोजमाप नाही, अंदाज आहे."

आईच्या खोलीतल्या बॅटरीवर मात्र मी आजही महिन्यातून एकदा बल्ब लावून बघतो.