माथेरानचे अस्सल इंजिन कोणते?

कर्जत तालुक्यातल्या माथेरानवर मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे जाता येत नाही. जुन्या मोटारींच्या शौकिनांना छळणारा सर्वांत अवघड प्रश्न मात्र याच डोंगरावर आहे, आणि तोही रुळांवर. गाडी मूळची आहे का, आणि मूळची म्हणजे नेमकी किती? जुनी स्पोर्ट्स कार घेणारा आधी चेसिस नंबर पाहतो, इंजिनावरचा नंबर कागदांशी जुळतो का ते ताडतो, बॉडी कारखान्यातून आलेली की मागाहून ठोकलेली याची चौकशी करतो. नंबर जुळले की भाव चढतो, नाही जुळले की तीच गाडी निम्म्यावर येते. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले, तेव्हा हीच दृष्टी कायद्यात आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली असावीत, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, मग २०,००० रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. बंगल्यात ठेवलेल्या आणि वर्षातून एकदा रॅलीला निघणाऱ्या गाडीला हा निकष चालून जातो. आयुष्यभर राबलेल्या यंत्राला मात्र तो अपुरा पडतो, असे माझे म्हणणे आहे. अशा यंत्रात मूळचे लोखंड किती उरले हे मोजून त्याचा अस्सलपणा कळत नाही. ते ज्या कामासाठी आणि ज्या जागेसाठी घडले ते काम त्याने केले का, आणि त्याच्यात झालेला प्रत्येक बदल कशापायी झाला हे सांगता येते का, हे पाहावे लागते. नेरळ-माथेरानच्या गाडीइतका याचा चांगला दाखला महाराष्ट्रात दुसरा नाही.

ही गाडी का आली आणि तिचे इंजिन असे का घडले, हे आधी पाहायला हवे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात माथेरानवर चढले आणि त्यानंतर मुंबईकरांना हा डोंगर ठाऊक झाला. पायथ्याशी रेल्वे लवकरच पोहोचली. १८५६ मध्ये गाडी खालापूरच्या खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाट खुला झाला आणि कर्जत हे घाटाच्या तोंडचे रेल्वेचे गाव बनले. नेरळहून वर जायला मात्र घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय एवढेच मार्ग होते. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी बांधकाम पाहिले, सुमारे १६ लाख रुपये खर्च झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. जवळपास २१ किलोमीटरचा मार्ग, दोन फुटांचा रूळ, वीस फुटांमागे एक फूट चढ. चढ फार होता, तरी खरी अडचण वळणांची होती. डोंगराच्या कडेकडेने जाताना मार्ग एवढा आवळून वळतो की तीन आसांचे साधे इंजिन तिथे एकतर रुळाला घासत राहील किंवा रूळ सोडील. दोन आसांचे इंजिन वळले असते, पण वजनाने हलके पडून चढावर घसरले असते. बार्शी लाइट रेल्वेमुळे महाराष्ट्राला माहीत असलेले एव्हरर्ड कॅलथ्रॉप या मार्गाचे सल्लागार होते. चढाला लागणारी तीन आसांची पकड आणि वळणाला लागणारी लवचीकता एकाच इंजिनात आणण्याची त्यांची मागणी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीने पुरी केली. १९०५ ते १९०७ च्या दरम्यान चार इंजिने घडली. पुढे ती ७३८ ते ७४१ या क्रमांकांनी ओळखली गेली.

त्यांच्या पोटाखाली वाकून पाहिले तर इंजिनाची खरी ओळख सापडते. पहिला आणि शेवटचा आस दुपदरी आहे. आत एक भरीव दांडा, तो चौकटीत घट्ट बसवलेला आणि बाहेरच्या दांड्यांनी फिरवला जाणारा. त्याच्याभोवती पोकळ नळीसारखा दुसरा आस, आणि चाके या बाहेरच्या आसाला. दोघांची गाठ मधोमध एका गोळ्यावर पडते. आतला दांडा फिरला की बाहेरचा फिरतो, पण वळणावर बाहेरचा आस थोडा तिरका होऊ शकतो, बाजूलाही सरकतो. शक्ती मिळत राहते आणि चाक रुळाचे ऐकते. क्लिएन-लिंडनर नावाची ही रचना जर्मनीत इतरत्रही वापरली गेली, पण मोठी मुख्य लाईन पायथ्याशी असताना वर एवढ्याशा रुळावर तीच का हवी, याचे उत्तर माथेरानच्या डोंगराकडेच आहे. मोटारवाल्यांच्या भाषेत बोलायचे तर हाच या इंजिनाचा चेसिस नंबर. बाजूची पितळी पाटी काढून दुसऱ्या इंजिनाला लावता येते. हा आस कुणी उगाच घडवणार नाही आणि दुसऱ्या जातीच्या इंजिनाला तो बसणारही नाही.

या इंजिनांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे पाऊण शतक, काम केले. पाऊण शतकात वाफेच्या इंजिनाचे काय होते हे शेडमधल्या माणसाला सांगावे लागत नाही. बॉयलरच्या नळ्या गळतात, फायरबॉक्स पातळ होतो, चाकांचे टायर झिजतात, बेअरिंगा पुन्हा पुन्हा ओतल्या जातात. मोठ्या दुरुस्तीला एकाच जातीची दोन इंजिने एकदम आली तर जो भाग आधी तयार झाला तो जे इंजिन आधी बाहेर जाणार त्याला बसतो. ही जगभरच्या रेल्वे कारखान्यांची रीत आहे. म्हणूनच जुन्या इंजिनाच्या दांड्यावर भावंडाचा नंबर ठोकलेला सापडतो. मोटारीच्या लिलावात असा दांडा दोष ठरेल. इथे तो दाखला आहे, कारण चारही इंजिने एका मार्गावर, एका कामाला, एकमेकांच्या आधाराने जगली हे तोच सांगतो.

मोटारींच्या दुनियेतही हा वाद कोर्टापर्यंत गेला, आणि निकाल लोखंड मोजणाऱ्यांच्या बाजूने लागला नाही. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकली. त्यानंतर तिचे इंजिन बदलले गेले, चौकट बदलली गेली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला जीवघेणा अपघात झाला आणि नंतर तिच्यावर वेगळी बॉडी चढली. १९९० मध्ये सुमारे एक कोटी पौंडांचा विक्रीचा करार मोडून वाद लंडनच्या उच्च न्यायालयात आला. खरेदीदाराचे म्हणणे होते की ही ती गाडीच नव्हे. १९२९ च्या गाडीतले तिच्यात जवळपास काही उरले नव्हते हे न्यायमूर्ती ऑटन यांनीही पाहिले, तरी गाडी तीच आहे असा निकाल दिला. कारण तिचा इतिहास कुठे तुटलेला नव्हता. ती कधी मोडीत निघाली नाही, तिच्या नावाने दुसरी कुणी उभी राहिली नाही, आणि जे बदल झाले ते धावत्या गाडीत, शर्यतीच्या गरजेतून झाले. जुळणाऱ्या नंबरांवर जगणाऱ्या बाजाराला हा निकाल पचायला जड गेला. मला तो अगदी बरोबर वाटतो.

यावर रास्त आक्षेप असा की लोखंडाचा आग्रह सोडला तर मग काहीही अस्सल म्हणून खपेल. माथेरानवरच त्याचे उदाहरण आहे. मध्य रेल्वेने अलीकडे एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचे रूप दिले. तेही याच रुळावर चालते, हेच काम करते. मग माझ्या निकषाने ते अस्सल ठरते का? ठरत नाही, आणि का नाही हे नीट पाहावे. काम केल्याने यंत्राला स्वतःचा इतिहास मिळतो, दुसऱ्याचा मिळत नाही. त्या इंजिनाच्या वरच्या साजाचा ना ओढण्याशी संबंध, ना वळण्याशी, ना थांबण्याशी. बॉयलर बदलला तो गळत होता म्हणून. हा बॉयलरचा आकार बसवला तो बघणाऱ्याला वेगळे काही वाटावे म्हणून. पर्यटकांना ते आवडते, मुले त्याच्यासमोर फोटो काढतात, त्यात वाईट काही नाही. वारसा म्हणून मात्र त्याची नोंद होऊ नये. खेदाची गोष्ट अशी की खऱ्या वारशाचा एक हिस्सा यात झाकला गेला आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या युंग कंपनीची डिझेल इंजिने या मार्गासाठी आली आणि वाफेची इंजिने मागे पडत गेली तशी गाडीची भिस्त त्यांच्यावर आली. वयाची पन्नाशी त्यांनी केव्हाच ओलांडली आहे. डोंगरावरची त्यांची सेवा कागदोपत्री सिद्ध होते आणि धूर सोडण्याचे नाटक त्यांना कधी करावे लागले नाही. तरीही माथेरानचा वारसा म्हटले की कुणाला त्यांची आठवण होत नाही, कारण ती डिझेलची. जुनेपणा दिसण्यावर मोजला की असे होते.

दार्जिलिंगच्या ७९४ क्रमांकाच्या इंजिनाचा निवाडा याहून नाजूक आहे. बी-वर्गातले हे वाफेचे इंजिन दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला नेरळला आणले गेले. इथे नक्कल नाही. वाफ खरी, वय खरे, आणि १८८९ पासून चालत आलेला त्याचा आराखडा जगभर नावाजलेला. दार्जिलिंगची रेल्वे १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे, माथेरानची अजून संभाव्य यादीतच आहे, तेव्हा इथे काही खरेखुरे वाफेचे असावे ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण ते इंजिन दोन आसांचे आहे. दार्जिलिंगने चढ आणि वळणांचा प्रश्न वळसे आणि उलटसुलट टप्पे घालून सोडवला आणि पकडीसाठी इंजिनाच्या तोंडाशी रुळावर वाळू टाकणारी माणसे बसवली. माथेरानने तोच प्रश्न आसाच्या पोटात सोडवला. ७९४ हे अस्सल आहे, पण ते दार्जिलिंगचे अस्सल आहे. ते नेरळला ‘माथेरानचे जुने इंजिन’ म्हणून पाहिले जाते तेव्हा बघणाऱ्याला खोटे यंत्र नव्हे, चुकीचा इतिहास मिळतो. शेजारी दोन ओळींची स्पष्ट पाटी लावली तरी एवढे पुरे आहे.

आता मूळ चौघांपैकी दूर गेलेल्या दोघांकडे वळू. ७३८ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, ७४० इंग्लंडला गेले. संग्रहालयवाले म्हणतील, तिथे ती सुरक्षित आहेत, पावसात गंजत नाहीत, आणि हे खरेही आहे. कर्जत-खोपोलीकडच्या माणसाला आपली इंजिने दुसरीकडे जाऊन पाहण्याची सवय आहे. बोरघाटासाठी घडलेले ‘खेकडा’ विजेचे इंजिन पाहायचे तर दिल्लीला जावे लागते किंवा मुंबईला. घाटाच्या तोंडाशी, जिथे त्याचे काम होते, तिथे ते नाही. मोटार कुठेही नेली तरी तिची किंमत तीच राहते, कारण ती कोणत्याही रस्त्यासाठी बनलेली असते. माथेरानचे इंजिन एकाच रस्त्यासाठी बनले. सपाट मैदानात, सरळ रुळाच्या तुकड्यावर उभे केले की त्याचा दुपदरी आस म्हणजे एक न समजणारे कोडे होते. पैशांत त्याचा भाव तिथे वाढेलही, पण त्याच्याकडून काही शिकण्याची सोय तिथे उरत नाही, आणि वारशाच्या वस्तूचे मोल मी यावरूनच करतो.

मग हा मार्ग तरी मूळचा राहिला आहे का, असे कुणी विचारील. २६ जुलै २००५ च्या पुराने तो उखडला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये गाडी दोनदा घसरली आणि सेवा थांबली. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाट लावली, ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी परत निघाली. दर वेळी रूळ, भिंती, कठडे बदलले. पूर्वी डब्याडब्यावर ब्रेक पोर्टर बसत आणि ड्रायव्हरच्या शिट्टीच्या खुणेवर हाताने ब्रेक आवळत. तीही पद्धत गेली. ती पाहण्यासारखी होती आणि तिची हळहळ वाटणे साहजिक आहे, पण प्रवाशांनी भरलेली गाडी दरीच्या कडेने उतरत असताना इतिहासासाठी हातब्रेक ठेवा असे मी कधीही म्हणणार नाही. हे सगळे बदल कामाच्या गरजेतून झाले. मार्गाची आखणी, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही ठाणी, आणि इंजिनाला तसे घडायला लावणारी वळणे तिथेच आहेत. १९९४ मध्ये जपानच्या नारा शहरात जमलेल्या तज्ज्ञांनीही अस्सलपणा केवळ द्रव्यात शोधू नका, उपयोग, परंपरा आणि जागा यांतही शोधा, असेच मांडले होते.

या निकषाचा उपयोग पुढच्या एका निर्णयासाठी आहे. मूळ चारांपैकी एखादे इंजिन पुन्हा वाफेवर चालवावे ही मागणी कधीतरी होणारच. तेव्हा दोन टोके समोर येतील. एक म्हणेल हात लावू नका, मूळपण जाईल. दुसरे म्हणेल चालते झाल्याशी काम, आतले काहीही बदला. शंभर वर्षांच्या बॉयलरमध्ये दाब चढवणे धोक्याचे आहे, तेव्हा नवा बॉयलर घालावा लागेल आणि तो खुशाल घालावा. त्यावर नव्या सालाची पाटी ठसठशीत लावावी आणि जुना बॉयलर वितळवायला न देता नेरळच्या शेडमध्ये जपून ठेवावा. नळ्या, टायर, बेअरिंगा पूर्वीही बदलत आल्या, आताही बदलाव्यात. प्रत्येक दांडा उतरवताना त्यावर ठोकलेला नंबर लिहून घ्यावा, भावंडाचा निघाला तर घासून टाकू नये. आणि ते दोन पोकळ आस, त्यांच्या आतला गोळा कितीही झिजलेला असला तरी, काढून साधे आस बसवण्याची सूचना कुणी खर्च वाचवण्यासाठी केली तर ती तिथल्या तिथे नाकारावी. साध्या आसांवर ते इंजिन जुम्मापट्टीच्या वरची वळणे घेऊच शकणार नाही.