भिंत कोणाची, आठवण कोणाची?

कलादालन म्हटले की मुंबईचा काळा घोडा आठवतो. १९५२ साली तिथे जहांगीर आर्ट गॅलरी उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तिला देणगी दिली होती. त्याच परिसरातल्या ‘आर्टिस्ट्स सेंटर’चे चिटणीस होते के. एच. आरा. आरांचा जन्म १९१४चा, निजाम राज्यातल्या बोलारूमचा. लहानपणी मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले. १९४७ साली हुसेन, रझा, सूझा यांच्यासोबत त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. पुढे नवख्या चित्रकारांना हात देण्यात त्यांनी बरीच वर्षे घातली.

आरा निजामी मुलखातले, हुसेन पंढरपूरचे. दोघांनाही भिंत मिळाली ती मुंबईत.

भिंत गावातही उभी राहू शकते, हे मराठवाड्यातल्या तेरने दाखवले. रामलिंगप्पा लामतुरे या गावकऱ्याने शेतात, पांढरीत सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आयुष्यभर जमवल्या. पुढे तो संग्रह सरकारकडे गेला आणि तेरमध्येच त्यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय झाले. लोकांना भंगार वाटत होते, ते गावाची ओळख ठरले.

देगलूरकडे अशी सामग्री कमी नाही. तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरे आहेत. तेलंगणा आणि कर्नाटकची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी शेजारी शेजारी नांदतात. निजामी काळातले उर्दू कागद, जुने फोटो, आजीच्या पेटीतले बिदरी पानदान अशा वस्तू या भागात घरोघरी सापडतील.

आणि एक आठवण अशी आहे, जी कोणी पेटीतही ठेवली नाही. १९४८च्या पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळले, असे तिने नोंदवले. राज्यभरातल्या मृतांचा तिचा अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. त्याआधी रझाकारांनी केलेले अत्याचारही याच गावांनी सोसले होते.

जखमा कशाला उकरायच्या, असे कोणी म्हणेल. पण न बोललेली आठवण मिटत नाही, तिची अफवा होते. मग एक समाज फक्त रझाकार आठवतो आणि दुसरा फक्त पोलीस कारवाई. रझाकारांनी जाळलेले घर आणि नंतर ओस पडलेला मोहल्ला एकाच भिंतीवर, आजच्या तरुण चित्रकारांच्या हातून उमटले, तर दोन्हीकडच्या नातवंडांना एकमेकांचे दुःख तरी दिसेल.

त्यासाठी संगमरवरी इमारत लागत नाही. वाचनालयाची एक खोली, शाळेची जुनी ओसरी पुरे. घाई मात्र हवी. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले आज पंच्याऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यासोबत जे जाईल, ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.