तळटीप १२ : बोटांतली बधिरता

१२. इंग्लिश चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे यांना मल्टिपल स्क्लेरोसिस असल्याचे निदान १९७३ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी झाले. त्याआधीच बोटांतली संवेदना गेल्याने तारेवर बोट कुठे पडते आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहावे लागे. या आजारात मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवरचे आवरण नष्ट होत जाते, संदेश वाटेत अडखळतात. मुंग्या येतात, एका डोळ्याने धूसर दिसते, तोल जातो, लघवी आवरत नाही. सर्वांत जाचक थकवा, कारण तो कुणाला दिसत नाही : रात्रभर झोपूनही अंग उचलवत नाही, कढत पाण्याने अंघोळ केली तरी गळून जायला होते. लक्षणे अनेकदा येतात आणि ओसरतात, म्हणून ती मनाची ठरवली जातात. द्यू प्रे यांच्या तक्रारीही आधी मानसिक ताणावरच ढकलल्या गेल्या होत्या.