अंतराळातलं बिऱ्हाड

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा अंतराळातून इंदिरा गांधींशी बोलले, तो संवाद आपल्याकडे अनेकांना तोंडपाठ आहे. मात्र ज्या स्थानकातून ते बोलले, त्या सोविएत ‘सॅल्यूत-७’चं पुढे काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. जुनं स्थानक कसं सोडावं, याचा धडा त्या हकिगतीत आहे.

शर्मा तिथे पोहोचले तेव्हा लिओनिद किझिम, व्लादिमीर सोलोव्योव आणि ओलेग अत्कोव मुक्कामाला होते. यांपैकी किझिम आणि सोलोव्योव १९८६ मध्ये पुन्हा वर गेले, ते ‘मीर’ या नव्या स्थानकावर. तिथली घडी बसवून मे महिन्यात ते ‘सोयुझ’ यानाने रिकाम्या सॅल्यूतवर आले. जवळपास पन्नास दिवस राहून त्यांनी उरलेली कामं उरकली आणि उपयोगाची उपकरणं घेऊन ते मीरवर परतले. एका स्थानकावरून दुसऱ्यावर असं बिऱ्हाड हलवल्याचं हे एकमेव उदाहरण.

रिकामं सॅल्यूत वरच्या कक्षेत नेऊन ठेवलं होतं. पण सूर्याची सक्रियता वाढली, वातावरण फुगलं, घर्षण वाढलं आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याचे अवशेष अर्जेंटिनात पडले. मीरला मात्र २३ मार्च २००१ रोजी ठरवून प्रशांत महासागरात उतरवलं. तोवर आंतरराष्ट्रीय स्थानकात माणसं राहू लागली होती. त्याचा ‘झ्वेज्दा’ हा भाग तर मुळात ‘मीर-२’साठी आखलेला.

अमेरिकेत नेमकं उलट घडलं. ‘स्कायलॅब’ १९७४ मध्ये रिकामी झाली आणि स्पेस शटल तयार होण्याआधीच, जुलै १९७९ मध्ये कोसळली. जुलै १९७५ ते एप्रिल १९८१ या काळात एकही अमेरिकी माणूस अवकाशात गेला नाही.

आता आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० नंतर समुद्रात उतरवायचं ठरलं आहे. त्यासाठीचं यान बांधण्याचं काम नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला दिलं. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला याच स्थानकावर राहून आले. भारताचं स्वतःचं स्थानक उभारण्याचं उद्दिष्ट २०३५ चं आहे.

म्हणजे जुनं घर पाडण्याची तयारी सुरू झाली आहे. किझिम आणि सोलोव्योव यांनी सॅल्यूत सोडलं, तेव्हा परतायला मीर होतं. स्थानक पाडण्याआधी विचारायचा प्रश्न तोच आहे : पुढचं बिऱ्हाड कुठे?